खेळातल्या कापसाचं सीतादही

मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि मला शेतीचा कंटाळा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. घाटंजीजवळच्या आमच्या गावातून यवतमाळला शिकायला आले, तेव्हा उन्हातून सुटले म्हणून मनातल्या मनात पेढे वाटले होते. शिकले, सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, लग्न झालं, तीन खोल्यांचं घर झालं. आणि पस्तिशी ओलांडल्यावर, पंख्याखाली बसून, मी पुन्हा शेती करायला लागले. कॉम्प्युटरवर.

ती वर्षं कापसाची पडती वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. बाहेरून गाड्या यायच्या, समित्या यायच्या, आणि त्यांच्यासाठी जुन्या फायली काढता काढता माझी कंबर जायची. परगावी कुणाला यवतमाळची आहे म्हटलं की समोरचा माणूस आवाज हळू करायचा. त्याचा मला राग यायचा. इथंही लोक लग्नं लावत होते, भांडत होते, दुपारी झोपत होते. आणि माझ्यासारखे काही खेळत होते.

हा नाद मला कचेरीतल्या मैत्रिणीनं लावला. तिच्या घरात तीन पिढ्या नोकरीच्या. शेत तिनं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. तिनं दाखवलं, हे बघ, हे जमिनीचे चौकोन. एकदा क्लिक केलं की नांगरट, दुसऱ्यांदा केलं की पेरणी. स्ट्रॉबेरी काही तासांत तयार, कापूस तीन दिवसांत. पीक तयार झालं की वेळेवर काढायचं, नाही तर जागच्या जागी वाळून तपकिरी होतं. ओळखीचे लोकच शेजारी असायचे. ते येऊन आपल्या पिकाला खत टाकून जायचे, आपण त्यांना कोंबडी किंवा झाड भेट पाठवायचं. एकदा साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून झापलं, की कचेरीच्या वेळेत हे चाळे बंद. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "साहेबांची लिंबाची बाग माझ्या शेजारीच आहे. कालच पाणी घालून आले मी."

या खेळावर पेपरात बरंच छापून येत होतं. माणसं आळशी होतात, घरच्यांशी बोलत नाहीत, हे व्यसनच आहे, वगैरे. मी ते वाचायचे आणि मान डोलवायचे आणि पेपर घडी करून स्ट्रॉबेरी काढायला बसायचे. मला नवल वाटायचं ते माझंच. खऱ्या शेतात मायनं निंदायला नेलं की मी पोट दुखतं म्हणायचे. मग इथं काय ओढत होतं? बराच विचार केल्यावर एक गोष्ट सापडली. इथं पेरलं की उगवायचंच. मृगात पेरलं, पाऊस दडी मारून बसला, पुन्हा पेरा, असं नव्हतं. किती तासांनी हातात येईल ते पेरायच्या आधीच लिहिलेलं असायचं. आमच्या गावात एखाद्याला असं कुणी लिहून दिलं असतं, तर त्यानं ते देव्हाऱ्यात ठेवलं असतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माय माझ्याकडं आली. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दीड महिना वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. ते हृदयविकारानं गेले, अंगणात खाटेवर बसल्या बसल्या. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या भागातलं मरण म्हटलं की लोक दुसरंच धरून चालतात. त्यांच्यामागं मायनं शेत मक्त्यानं दिलं, म्हणजे दुसरा कसणार आणि वर्षाचं काही ठरलेलं आपल्याला देणार. ती एकटीच गावात राहायची. रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायची आणि दुसऱ्यानं केलेल्या निंदणाला नावं ठेवून परत यायची.

आता शेताला गिऱ्हाईक आलं होतं. पुण्यातला भाऊ म्हणत होता, विकून टाकू. मलाही तेच हवं होतं. शेत गेलं की गावात तिला धरून ठेवणारं काही उरणार नव्हतं, ती माझ्याकडं कायमची राहिली असती. रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होणं थांबलं असतं. पण सात-बारा तिच्या नावावर आणि ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. विषय काढला की म्हणायची, "डोया बरा होऊ दे." दिवाळीपर्यंत उत्तर पाहिजे, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं.

घरात तिला काही करायला नव्हतं. यांची बदली वाशिमला, शनिवारी यायचे. दिवसभर काळा चष्मा लावून ती गॅलरीत बसायची आणि खालून जाणारे ऑटो बघायची. मी संध्याकाळी आले की विचारायची, "आज काय शिजवू?" तेही तिला मना होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हिला आपलं शेत दाखवावं. मनात पाप होतं, कबूल करते. इथं सावलीत शेती मिळाली तर तिकडची विसरेल, असं मला वाटत होतं. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेताना आपण दुसरं काही देतो ना, तसं.

तिनं खुर्ची ओढली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"धुरे कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"धुरे नाहीत माय. सगळं आपलंच आहे."

"मंग भांडण कायवरून होते?"

"होतच नाही."

तिला ते खरं वाटलं नाही. पुढं अर्धा तास तिनं माझी जी उलटतपासणी घेतली, तशी कोणत्याही समितीनं कधी घेतली नसेल. पाणी कुठून येते? लागत नाही. बैल? नाहीत, एक ट्रॅक्टर आहे. डवरणी कवा करता? कोळपावं लागतच नाही. निंदण? तण येतच नाही. बोंडअळी? नाही. रानडुकरं? नाहीत. माल कुठं नेता? इथंच विकला जातो, काढला की लगेच. जिनिंगसमोर गाड्यांची लाइन नाई लागत? नाही.

"मंग शेतकरी करते काय?"

"क्लिक करतो."

"मंग हा शेतकरी नाई," माय म्हणाली. "मालगुजार हाये."

मालगुजार म्हणजे जमीनदार. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक प्रश्न काढून ठेवला होता. "एवढी वांगी काढली काल. खाल्ली कोण?" मी म्हटलं, कुणी नाही, विकली. "घरी एकबी नाई ठेवलं?" नाही. "शेजारणीलेबी नाई?" मी सांगायला लागले की शेजारणीला कोंबडी पाठवली, पण ती कोंबडीही कुणी खात नाही, हे माझ्याच लक्षात आलं. पेपरातल्या एवढ्या टीकेत हा मुद्दा मी कुठं वाचला नव्हता.

चार दिवसांत ती माउस धरायला शिकली. आधी तो तिच्या हातातून सटकायचा, मग ती त्याला विळ्यासारखी घट्ट धरायची आणि भलतीकडंच नांगरट व्हायची. पण मी कचेरीत गेल्यावर ती एकटीच सराव करायची. एक दिवस आले तर माझी सगळी स्ट्रॉबेरी काढून तिनं अर्ध्या जमिनीत नुसतं गवत ठेवलं होतं. "जमिनीले दम खाऊ दे," म्हणाली. मला तिथं नंबर वाढवायचा होता. मैत्रीण माझ्या किती पुढं गेली होती! पण मी गवत तसंच राहू दिलं. माय गॅलरीतून उठून आत बसायला लागली होती, शेत विकायचा विषय काढला तरी पूर्वीसारखी तोंड फिरवत नव्हती. माझा बेत जमत चालला होता.

सोमवारी सकाळी तिनं कापूस पेरला. सगळ्या चौकोनांत, एकही न सोडता. मी म्हटलं, "थोडी तूर तरी टाक मधात, एखादी ओळ." ती म्हणाली, "तुरीचा तास नाई हाये यात, पाह्यलं म्या." गुरुवारी मी कचेरीत निघाले, तर पडद्यावर सगळं पांढरं झालेलं.

"फुटला," मायनं सांगितलं. आवाजात नेहमीचा ठसका होता, बाबांच्या वेळचा. "आज सांजेले लवकर ये. सीतादही करा लागते."

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडं सीतादही करतात. घरची सवाष्ण शेतात जाते, पाच झाडांना हळदकुंकू लावते, बुडाशी दही शिंपडते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, आणि त्या पाच झाडांचा कापूस आधी वेचते. मग बाकीच्या बाया ओळींत शिरतात. कापूस दह्यासारखा दाट, पांढरा निघावा म्हणून. लहानपणी मी मायच्या मागं दह्याची वाटी धरून चालायचे आणि परत येताना उरलेला दहीभात खायचे. पण तिनं ते कॉम्प्युटरसाठी सांगावं, याला काय म्हणायचं?

"माय, हा खोटा कापूस आहे."

"मले समजते. मी काही खुळी नाई झाली. कापूस खोटा हाये, पण वेचणी तं आपणच करून राह्यलो ना?"

"मग तूच कर. दिवसभर तर तूच बसतेस इथं."

तिनं माउस बाजूला सारला, आणि मग माझ्या ध्यानात आलं. बाबा गेल्यापासून तिनं सीतादही केलं नव्हतं. आमच्या घरात ते सवाष्णीचं काम. मला संताप आला. मी म्हटलं, "कुंकू नाही म्हणून कापूस तुझा हात ओळखणार नाही का? चाळीस वर्षं वेचलास तू." ती म्हणाली, "कापूस ओयखते. मीच नाई करत. तू कर." मी म्हटलं बरं, संध्याकाळी करते.

गुरुवारी संध्याकाळी घरात दही नव्हतं. सकाळीच मी त्याची कढी केली होती. शुक्रवारी कचेरीत उशीर झाला, आल्यावर पाठ धरली होती, म्हटलं उद्या. शनिवारी माय म्हणाली, "शनिवारी नाई करत, मंग उद्या सकायीच कर." मी म्हटलं, रविवारी सकाळी नक्की. तयार झालेला कापूस जेवढे दिवस वाढायला लागतात तेवढेच दिवस थांबतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे रविवारी सकाळी दहापर्यंत. माय पडद्यापुढं बसून राहायची. एक क्लिक केलं असतं तरी सगळं घरात आलं असतं, पण तिनं हात लावला नाही.

रविवारी सकाळी हे म्हणाले, बाजारात एक दिवाण बघून ठेवलाय, लवकर गेलो तर आजच घरी येईल. तो दिवाण मायसाठीच होता. ती आता कायमची राहणार, असं आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. मी तिला म्हटलं, आलेच तासाभरात. मग दिवाणाचं कापड पसंत पडेना, मग हातगाडीवाला सापडेना, मग वाटेत मैत्रीण भेटली आणि तिच्या नव्या द्राक्षांच्या मळ्यावर आम्ही भर रस्त्यात बोलत उभ्या राहिलो. घरी आलो तर लोडशेडिंग सुरू झालेलं. लाइट आले दुपारी तीनला.

कॉम्प्युटर सुरू केला. सगळे चौकोन तपकिरी. टेबलावर कीबोर्डच्या बाजूला मायनं सगळं मांडून ठेवलं होतं. हळदकुंकवाचे करंडे, दहीभाताची ताटली, आणि वाटीत रात्री विरजलेलं दही. दह्याला पाणी सुटलं होतं.

"लाइननं घात केला," मी म्हटलं. "तिकडं मोटर बंद पडते, इथं हे."

"लाइन एक वाजता गेलती," माय म्हणाली.

पडद्यावर एक चौकट आली होती. थोडे पैसे भरा, वाळलेलं पीक पुन्हा जिवंत करा. मी तिला ते वाचून दाखवलं, म्हटलं, अजून काही बिघडलं नाही. तिनं चष्मा काढून डोळ्याच्या कडेचं पाणी पदरानं टिपलं. डोळ्याचंच असेल, रोजच यायचं. "वायलेलं पैशानं उठत असतं," ती म्हणाली, "तं आपल्या जिल्ह्यात एक झाड मेलं नसतं." मग ती उठली, आणि जाता जाता अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची ते सांगावं तशी बोलली.

"भावाले सांग, इकून टाका वावर."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काहून माय? आज एकदम?"

"पाच झाडं होती. बोटानं करायचं होतं, पंख्याखाली बसून. तेबी तुले चार दिवस जमलं नाई. पायानं कवा जाशीन तू? मी गेल्यावर कोण जाईन? त्यापक्षा इकलेलं बरं." आणि ती नव्या दिवाणावर जाऊन बसली. त्याच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं.

ती मला टोमणा मारत नव्हती. ते असतं तर मी भांडले असते, भांडायला मला वेळ लागत नाही. पण तिनं एक गोष्ट शांतपणे तपासून पाहिली होती आणि उत्तर काढलं होतं, धुऱ्यांचे आणि वांग्यांचे प्रश्न विचारले होते तितक्याच शांतपणे. मी तिला खेळात गुंतवायला निघाले होते, आणि तिनं त्याच खेळात माझी परीक्षा घेतली. मला लाज वाटली. इतकी लाज मला कचेरीत साहेबांसमोरही कधी वाटली नाही. जे मला हवं होतं ते तिनं देऊन टाकलं होतं, आणि ते माझ्याच्यानं हातात धरवत नव्हतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "माय काय म्हणते?"

दिवाणावर माय बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "अजून काही नाही म्हणाली. त्या गिऱ्हाइकाला सांग, थांबायचं असेल तर थांब."

मायनं माझ्याकडं पाहिलं. ऑपरेशनच्या डोळ्यानं किती दिसत होतं कोण जाणे. गिऱ्हाईक थांबलं नाही, त्यानं दिवाळीत पलीकडच्या गावी शेत घेतलं, आणि भाऊ माझ्यावर दोन महिने रुसून बसला.

पुढच्या रविवारी मी पहाटेच उठून डबा भरला. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलं होतं, म्हणून मायच्या चष्म्यावरून ओढणी बांधली आणि एसटीनं घाटंजी, तिथून ऑटोनं गाव. शेतात मक्तेदाराची बायको चार बायांसोबत वेचत होती. तिनं पहिली वेचणी आठ दिवसांपूर्वीच उरकली होती. मी हातात दह्याची वाटी घेऊन धुऱ्यावर उभी राहिले, आणि परत जावं की काय करावं ते मला सुचेना. तिनं वाटी पाहिली, मग मायकडं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, नाल्याकडची पट्टी उशिरा फुटली. तिले अजून कोणी हात नाई लावला. तुमीच करा."

मी पाच झाडं निवडली. आधी दही शिंपडलं, मग आठवलं की आधी हळदकुंकू. नैवेद्य दाखवला, आणि दहीभात या वेळी खरंच सहा बायांत वाटून खाल्ला. मायच्या वाटणीचा मी धुऱ्यावर नेऊन दिला. मग वेचायला लागले. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडली, कापूस अर्धा बोंडातच राहिला, उरलेल्याला पातीचा कचरा चिकटला. इतक्या वर्षांत हात विसरले होते.

मागून, ओढणीच्या आतून, मायचा आवाज आला.

"एका बोटानं नाई निंघत तो. पाची लाव."